कुत्र्याच्या जातीचा रकाना

सुईताईंचा हात हलका, जीभ मात्र तिखट. नगरपालिकेच्या दवाखान्यात कुत्रा चावलेल्यांची एक खोली होती, तिथे त्यांनी अर्धं आयुष्य काढलं. रडणाऱ्या पोराला "अरे, कुत्र्याला नाही घाबरलास आणि मला घाबरतोस?" असं बोलण्यात गुंतवून सुई कधी टोचली ते कळूसुद्धा द्यायच्या नाहीत.

पण नोंदीच्या कागदावर एक मेला रकाना होता: कुत्र्याची जात. आता सांगा, ज्याच्या पोटरीचा लचका तुटलाय तो कुत्र्याची वंशावळ विचारत बसेल? लोक म्हणायचे, "काळं होतं," "मोठं होतं," नाहीतर "बाई, मी पळत होतो हो!" रकाना रिकामा ठेवला की वरून कागद परत यायचा. मग ताईंनी आपली सोय लावली. जखम खोल असली की पिटबुल, बेताची असली की गावठी. बंगल्यातल्या गुबगुबीत पांढऱ्या कुत्र्यांचे चावे तर कधी मोजलेच गेले नाहीत. मालकीणबाई स्वतः मोलकरणीला मोटारीतून घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "खेळता खेळता जरा लागलं तिला." ताई सुई द्यायच्या, पण त्याची नोंद कोण करतंय!

यात कुणाचं काय बिघडत होतं, असं ताईंना वाटायचं. वर बसलेल्यांनी एकदा त्या सगळ्या कागदांची बेरीज केली आणि वर्तमानपत्रात छापून आलं की गावातले निम्म्याहून जास्त गंभीर चावे पिटबुलचे. अहो, येणारच की! गंभीर दिसलं की पिटबुल लिहिणारी बाई एकच. लोक पेटले, मोर्चा निघाला, आणि हुकूम सुटला: पिटबुल आणि तसे दिसणारे कुत्रे जमा करा. जमा म्हणजे काय, हे न समजायला कुणी कुक्कुलं बाळ नव्हतं.

त्या "तसे दिसणारे"मध्ये ताईंच्या धाकट्या भावाचा ढोल्या सापडला. रस्त्यावरून उचललेलं पिल्लू, आईबाप कोण देव जाणे. जबडा रुंद, केस आखूड, एवढाच त्याचा गुन्हा. भाऊ बांधकामाच्या परांचीवरून पडून कमरेखाली लुळा झाला, बायको माहेरी गेली ती गेलीच. ढोल्या तेवढा खाटेला टेकून राहिला. शेजारणीचं रांगतं पोर त्याचे कान ओढायचं आणि हा जांभया द्यायचा. पण नगरपालिकेची गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. हरकत असेल तर शनिवारच्या आत या, म्हणाले.

"ताई, तू त्यांच्यातलीच ना," भाऊ म्हणाला. "तुझं ऐकतील."

ताई नगरपालिकेत गेल्या. तिथला साहेब वाईट माणूस नव्हता. चहा मागवला, खुर्ची दिली. ताईंनी एका दमात सांगून टाकलं की जातीचे आकडे खोटे आहेत, आपण ते अंदाजाने ठोकले.

"लेखी देता?" साहेबाने विचारलं. "द्या. हुकूम आजच थांबवून घेतो. पण इतकी वर्षं खोट्या नोंदी केल्या म्हणून तुमची चौकशी लावावी लागेल. माझाही नाइलाज आहे." आणि कोरा कागद पुढे सरकवला.

ताईंनी पेन उघडलं आणि पुन्हा टोपण लावलं. निवृत्ती तोंडावर आली होती, घर त्यांच्याच पगारावर चालत होतं, भावाची औषधंही. पण खरं सांगायचं तर औषधं मागाहून आठवली. आधी आठवलं ते दवाखान्यातल्या लोकांचं हसणं. "विचार करून येते," म्हणाल्या. शनिवार गेला, ढोल्याही गेला.

"साहेबांनी ऐकलंच नाही रे," घरी येऊन त्यांनी सांगितलं.

भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो ओरडेल, शिव्या देईल, म्हणून ताई तयार होत्या. द्याव्यातच, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्याने मान वळवली आणि त्यांचा हात धरला.

"जाऊ दे, ताई. माझ्या मुक्या जनावरासाठी तू एवढ्या मोठ्या माणसाशी भांडलीस. दुसरं कोण करणार होतं?"

तेव्हापासून तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे कौतुकाने सांगतो. सांगता सांगता मध्येच थांबून ताईंकडे बघतो, आणि ताईंना "हो" म्हणावं लागतं.