टपावरचे दिवे
आमच्या सौसरच्या गल्लीत एक भाऊ राहतात. त्यांनी जीपला दिवे लावले म्हणण्यापेक्षा, दिवे लावायला जीप घेतली म्हणणं बरं. टपावर दिव्यांची लांब पट्टी, बंपरवर फॉग लाईट, खाली निळी झालर. संध्याकाळी दूध आणायला निघाले तरी सगळं पेटवून. समोरचा माणूस डोळ्यांवर हात धरतो, यांना वाटतं सलाम केला.

बॅटरी सारखी बसते आणि शिव्या खातो दुकानदार. मेकॅनिक सांगून थकला, "भाऊ, बॅटरी फक्त साठवते. करंट अल्टरनेटर बनवते, अन् त्याची ताकद तेवढीच हाये." भाऊ आणखी मोठी बॅटरी बसवून मोकळे.

परवा त्यांच्या भाच्याची वरात बोरगावला गेली. नवरदेव अर्थातच यांच्या जीपमध्ये. सगळे दिवे चालू आणि गाडी बँडमागे मुंगीच्या चालीनं. एवढ्या संथ इंजिनावर अल्टरनेटर कुठला पुरा पडायला? मांडव दिसला आणि गाडी बंद पडली. आम्ही धक्का मारू लागलो. शेवटी बाशिंग सांभाळत नवरदेवही उतरला.

"मामाजी, दिवे तं बंद करा ना!"

स्टेअरिंगवरून मामाजी म्हणाले, "काहून? पोरीवाले पाहून राहिले ना!"

बॅटरी पार संपून दिवे आपोआप विझले, तेव्हाच भाऊ उतरले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी, पुन्हा नवी बॅटरी, पहिलीपेक्षा मोठी. मी विचारलं, "अन् अल्टरनेटर?"

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "तो बोनटच्या आत राह्यते. कोनाले दिसते?"