जाऊन राह्यले

न केलेल्या अपराधाची शिक्षा भोगून आलेल्या माणसाला देवासमोर हात जोडणे सोपे जात नाही. मी हात जोडत असे, पण मनात प्रार्थना नसे, तक्रार असे. त्या तक्रारीचे उत्तर मला ज्या रीतीने मिळाले, ते जसे घडले तसे येथे लिहीत आहे.

वऱ्हाडातील बीबी गावाजवळच्या एका खेड्यात मी प्राथमिक शिक्षक होतो. मराठी भाषकांचे नवे राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. आठवड्यातून एकदा मी गावच्या खंडोबाच्या देवळात पोथी वाचत असे, म्हणून तेथील एक किल्ली माझ्याजवळ असे. अशाच एका पोथीच्या सायंकाळी मी देवळाकडे निघालो. वाटेत एक विद्यार्थी तापाने फणफणला असल्याचे कळले, तेव्हा कडुनिंबापाशी वळून मी त्याच्या घरी गेलो आणि दिवेलागणीनंतरही तेथेच बसलो. त्याच सायंकाळी देवाचा चांदीचा मुखवटा चोरीस गेला. तो पुढे कधी, कोणाकडेही सापडला नाही.

देवळाबाहेर फुले विकणाऱ्या पारबताबाईंचा जबाब माझ्याविरुद्ध गेला. ‘गुरुजी देवळात जाऊन राहिले होते,’ असे हवालदाराने लिहून घेतले होते. न्यायालयात तो वाचून दाखवला, तेव्हा बाई म्हणाल्या, “हाव, हेच सांगतलं म्या.” मी देवळात गेलोच नाही, असे मी सांगत होतो, पण आजारी मुलाच्या वडिलांची साक्ष गुरुजींवरील मायेपोटी दिलेली ठरली. मी खोटे बोलतो, म्हणून मीच चोर, असा निकाल झाला आणि मला एक वर्षाची कैद झाली. नोकरी गेली. पहिले अपील फेटाळले गेले. सुटून आल्यावर नागपूरच्या उच्च न्यायालयात अर्ज केला, पण नवा मुद्दा काहीच नव्हता. पारबताबाई समोर आल्या की मी मान फिरवून निघून जाई. चार वर्षे मी त्या बाईंना मनोमन शाप दिले.

एके दिवशी मेहकरच्या वकिलांनी कागद परत केले. “गुरुजी, आता आशा धरू नका,” ते म्हणाले. ते मूळचे पुण्याकडचे, सज्जन गृहस्थ. त्यांच्या मनात लबाडी नव्हती. मी तेथल्याच बालाजीच्या देवळात गेलो. त्या दिवशी मात्र काही मागण्याचे त्राण उरले नव्हते. “मला काही समजत नाही,” एवढेच बोलून मी एसटी स्टँडवर येऊन बसलो.

शेजारी डोक्यावर पदर घेतलेली एक अनोळखी बाई बोचके घेऊन बसली होती. माझी टोपी आणि खिशातील पेन पाहून ती म्हणाली, “गुरुजी, उठा, गाडी येऊन राह्यली.” त्या हाकेनेच मी हललो, परगावी मला तसे कोणी म्हटल्याला वर्षे लोटली होती. उठून पाहतो तो स्टँड रिकामा.

“कुठे आहे गाडी?”

“अवो, येऊन राह्यली म्हनलं, आली कुठी म्हनलं? एवढे शिकेल दिसता, अन् साधं बोलनं समजत नाही तुम्हाले!”

दूर वळणावर धुरळा दिसला. ती गाडी आली, बाईला घेऊन गेलीही. मी बाकावर तसाच बसून राहिलो.

येथे थोडे व्याकरण सांगणे भाग आहे. आमच्या वऱ्हाडात ‘जाऊन राह्यले होते’ याचा अर्थ ‘जात होते’, एवढाच. पुस्तकी मराठीत जवळजवळ त्याच अक्षरांतून ‘गेले आणि तेथेच थांबले’ असा अर्थ निघतो. हवालदार बाहेरचा होता, न्यायाधीश बाहेरचे होते, वकीलही बाहेरचे. पण मी? मी तर येथलाच, देऊळघाटचा. माझी आई याच बोलीत मला हाका मारत असे. वीस वर्षे मुलांच्या वह्यांतील ‘राह्यला’ मी तांबड्या पेन्सिलीने खोडत आलो होतो. ते रूप अशुद्ध ठरवता ठरवता मी ते ऐकायचेच विसरलो होतो.

गावी पोहोचताच मी पारबताबाईंसमोर उभा राहिलो. “बाई, तुम्ही मला देवळात शिरताना पाहिले होते का?”

“नाही जी. तुम्ही जाऊन राह्यले होते, अन् लिंबापासून वळले. पुढचं मले कोनी पुसलंच नाही.” मग फुलांवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “चार वर्षं झाले, गुरुजी, तुम्ही माह्यासंग काऊन बोलत नाही?”

मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. “हे काय करून राह्यले!” म्हणत त्या मागे सरकल्या.

वकिलांनी हा नवा मुद्दा पडून असलेल्या अर्जात मांडला आणि उच्च न्यायालयाने त्यांची साक्ष पुन्हा घेण्याचा आदेश दिला. दीड वर्षाने मी निर्दोष ठरलो आणि शाळेत परतलो. आता वहीत ते रूप आले की मी खोडत नाही. शेजारी पुस्तकी रूप लिहून देतो, म्हणजे मुलांना दोन्ही कळतात.

ती अनोळखी बाई कोण होती, याचा शोध मी घेतला नाही. तिचे उपकार मानतो आणि तिला पाठवणाऱ्याचेही. पूर्वी पोथी मिटताना मी ठसक्यात म्हणत असे, “देवा, मी तुला शरण आलो आहे.” आता आईच्या बोलीत म्हणतो, “देवा, मी येऊन राह्यलो.” आलो, असे म्हणण्याचा अधिकार माझा नाही. वाटेवर आहे, हे त्याला समजते. आणि मला तेवढे पुरते.