खाली फार कोणी नाही

मी नद्या शिकवतो. म्हणजे दोन-तीन देशांतून वाहणाऱ्या नद्यांचं पाणी कसं वाटून घ्यावं, वरच्याने किती अडवावं, खालच्याने कशाची हमी मागावी, हे नागपुरातल्या एका कॉलेजात पोरांना शिकवतो. दरवर्षी वर्गाचे दोन भाग करतो. पंख्याखाली बसलेले वरचा देश, दाराजवळचे खालचा. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच वरचा देश हवा असतो. त्यांची ओढाताण संपली की मी माझं आवडतं वाक्य टाकतो: धरण बांधणं हा गुन्हा नाही, खालच्याला न सांगता बांधणं हा आहे. पोरं ते लिहून घेतात. यंदा ते वाक्य म्हणताना मी फळ्याकडे तोंड करून उभा होतो.

शहराच्या कडेला, बेसाला आमचं घर आहे तो लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वस्ती, उताराच्या वरच्या अंगाला येतो. मागून एक नाला जातो. पावसाळ्यात तो दुथडी भरतो आणि पुढे थंडी सरेपर्यंत बारीक धारेने वाहत राहतो. हाच नाला खाली जाऊन माझ्या मोठ्या बहिणीच्या जमिनीच्या कडेने वळतो. ताई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आणि घरी स्वस्थ बसणं तिच्या स्वभावातच नसल्यामुळे तिने रोपवाटिका काढली. लिंबू, संत्र्याची कलमं, थोडा मोगरा. सगळं एका विहिरीवर. त्या विहिरीला पाणी नाल्याचं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आमच्या लेआउटचे बोर दर उन्हाळ्यात कोरडे पडायचे. टँकर आला की बादल्यांवरून भांडणं. मागच्या वर्षी सभेत कोणीतरी म्हणालं, नाल्यावर बंधारा घालू, पाणी जिरेल. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "सर तं साऱ्या दुनियेच्या नद्या वाटतात, आपला नाला काय चीज आहे?" मला आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. जागा मीच दाखवली, उंची मीच ठरवली. एकाने विचारलं, खाली कोणाची शेतीबिती आहे का. मी म्हणालो, "खाली फार कोणी नाही."

हे बोललो तेव्हा ताईची विहीर मला डोळ्यांसमोर दिसत होती. विसरलो असतो तर निदान स्वतःला माफ केलं असतं. ती भांडेल याची भीती नव्हती. ती शांतपणे काहीतरी मागेल, ते मला सभेत मांडावं लागेल आणि सर घरच्यांचंच बघतात असं लोक म्हणतील, याची होती. एवढ्याशा भीतीपायी मी बहिणीला त्या उतारावरून पुसून टाकलं.

त्यावर कळस म्हणजे, पावसाळ्यात बंधाऱ्याच्या काठाला झाडं लावायचं ठरलं तेव्हा रोपं मी ताईकडेच मागितली.

"कुठं लावता गा?" तिने विचारलं.

"लेआउटमध्येच. मोकळी जागा आहे."

तिने चांगली वाढलेली रोपं निवडली आणि स्वतः ऑटोत घालून घेऊन आली. मी तेव्हा कॉलेजात होतो. बायकोने ती उतरवून घेतली.

पहिल्याच पावसाळ्यात बंधारा भरला. यंदा होळीनंतरही आमच्या बोरला पाणी आहे. टँकर बंद झाला आणि लोक मला रस्त्यात थांबवून नमस्कार करू लागले. अशात एका दुपारी ताई आली. मी माठातलं पाणी दिलं. ते पिऊन ती म्हणाली, "यंदा तुमच्या बोरले बरं पानी आहे."

मी हो म्हणालो.

"माही विहीर मात्र तळाला गेली गा. नवीन कलमं बांधनं थांबवलं. आहे तेच जगवून राहिली."

पाऊस कमी झाला असेल, असं काहीतरी मी पुटपुटलो. वरचे देश नेमकं हेच म्हणतात. पेपरात असं उत्तर लिहिणाऱ्या पोराचे मी गुण कापतो.

ती निघाली. दारात चप्पल घालत होती तेव्हा मला राहवलं नाही. "ताई, नाल्यावर आम्ही बंधारा घातला. जागा मीच दाखवली होती."

ती चप्पल घालायची थांबली नाही. "माहीत आहे. रोपं घेऊन आली तेव्हाच मागं जाऊन पाहिला."

"मंग तू बोलली काहून नाही?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहून राहिली होती."

तीच पुढे म्हणाली, "फोडू नको. लोकायले पानी लागते. खालून एक पाईप टाकून द्या, थोडं पानी इकडं येऊ द्या, बस. पन सभेत तूच सांग. मी आली तं म्हनतील, सरची बहीन आली."

मी म्हणालो, याच रविवारी सांगतो.

रविवारी सभा झाली. फाटकाचा रंग झाला, भटक्या कुत्र्यांचा विषय झाला. शेवटी अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "सर, पाण्याचं काही?" सगळे माझ्याकडे कौतुकाने पाहत होते. बंधाऱ्याआधी एवढ्या वर्षांत असं कोणी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "पाण्याचं सगळं ठीक आहे."

काल ताईचा फोन आला. आता पाईपचं विचारेल म्हणून मी मनात उत्तरं जुळवत होतो. तिने तो विषयच काढला नाही. "काठावरच्या रोपायले पानी घालत जाय गा," एवढंच म्हणाली. "पहिला उन्हाळा आहे त्यायचा. जळून जातील."

संध्याकाळी मी बादली घेऊन बंधाऱ्यावर गेलो. पाणी भरपूर होतं.