हाताला कळायला नको

माझी धाकटी जाऊ सुनंदा तालुक्याच्या रुग्णालयात नर्स आहे. परवा तिचा विसरलेला डबा द्यायला गेले, तर ती एका टेबलाशी उभी राहून रबराचं बाळ पुसत होती. नवजात बाळांची काळजी घ्यायचं प्रशिक्षण चालू होतं. त्याचे धडे ती आठवडाभर मोबाइलवर बघायची आणि कणीक मळता मळता मलाही ऐकवायची. जन्मल्यावर बाळ रडलं नाही, तर हातात एकच मिनिट असतं म्हणे.

मी दारातच थांबले. तिनं बाळाच्या नाकातोंडावर मास्क बसवला आणि हवेची पिशवी दाबली. छाती हलेना. तिनं मान जरा सरळ केली, मास्क पुन्हा नीट धरला. मग ती इवलीशी छाती वर आली आणि माझाच अडकलेला श्वास सुटला.

भाकरी थापताना माझ्या कितीतरी मोडल्या, तेव्हा कुठे हात बसला. हिच्या कामात मोडायची मुभा नाही. म्हणून आधी चुका करून घ्यायला हे रबराचं बाळ. ज्याला हे सुचलं, तो फार शहाणा असणार.

सराव संपला. बाळ खोक्यात ठेवताना सुनंदानं त्याच्या मानेखाली तळहात धरला. शेजारची नवी नर्स हसली, "ताई, रबराचं आहे ते."

"मला माहीत आहे गं," सुनंदा म्हणाली. "हाताला कळायला नको."

डबा देऊन निघाले. फाटकावरच्या रखवालदारानं काही विचारलं नव्हतं, तरी मी त्याला सांगितलं, "आतली ती सुनंदा माझी जाऊ आहे."