मानमोडीला भिणारा माणूस

जगात भित्री माणसं पुष्कळ असतील, पण कोंबडी शिंकली म्हणून स्वतः पांघरूण घेऊन पडणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच शेजाराला आला. हे माझ्या नवऱ्याचे मामा, म्हणजे माझे मामेसासरे. किन्हवलीच्या पुढे मुरबाडकडे निघालं की रस्त्यालगत आमचं गाव. त्यांच्या आणि आमच्या अंगणात फक्त एक कुडाचं कुंपण, त्यामुळे पलीकडची प्रत्येक शिंक मला सांगितली जायची. मी गावच्या अंगणवाडीत शिकवते. दिवसभर पंचवीस पोरांची नाकं पुसते, पण त्यापायी कधी आडवी झाले नाही. मामा मात्र कुडावरून हाक घालायचे, "सूनबाई, आयकलंस का गो? पिवळी दोनदा शिंकली!" आणि मी पोळी तव्यावर टाकून धावायची. न धावून सांगते कोणाला!

मामांची सगळी नोकरी मुरबाडच्या एका कारखान्यात धोक्याच्या पाट्या रंगवण्यात गेली. 'सावधान', 'हात लावू नये', 'येथे उभे राहू नये' हेच तीस वर्षं लिहिलेल्या माणसाला जग दुसरं कसं दिसणार? निवृत्त झाल्यावर त्यांनी चौदा गावठी कोंबड्या पाळल्या आणि उरलेला सगळा रंग खुराड्याभोवती संपवला. 'कोंबड्यांजवळ खोकू नये.' 'चपला बाहेर.' 'बाजारातून आलेल्यांनी परत जावे.' रस्त्याच्या बाजूला तर कोंबडीचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारलेली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायचं, इथे शाकाहारी खानावळ निघाली. दारात जांभळ्या औषधाच्या पाण्याचं घमेलं असायचं, त्यात पाय बुडवल्याशिवाय कोणाला आत प्रवेश नाही. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा मुलाच्या बापाची ब्रॉयलर कोंबड्यांची शेड आहे असं बोलता बोलता निघालं. झालं! मामांनी त्या भल्या माणसाला चहाआधी मागच्या मोरीवर आंघोळ घातली आणि स्वतःचं धोतर नेसायला दिलं. लग्न जमलं, कारण मुलगा हसून हसून नाही म्हणायच्या अवस्थेत राहिला नव्हता.

ही सगळी भीती मानमोडीची. दवाखान्यात तिला राणीखेत म्हणतात. आधी शिंका, मग छातीत घरघर, मग कोंबडी चोच उघडी टाकून श्वास घेते, शेवटी कोणी पिळल्यासारखी मान वाकडी होते, आणि चार दिवसांत खुराडं रिकामं. मामा तिचं नाव घेत नसत, नुसतं 'ती' म्हणत. "ती सरळगावपर्यंत आली म्हणतात," असं ते दबक्या आवाजात सांगू लागले की नवख्या माणसाला वाटायचं, कोणी बाई यांच्या मागावर आहे. रोज सकाळी ते एकेक कोंबडी उचलून फोनसारखी कानाला लावायचे. एकदा मलाही लावायला दिली. "घरघरते ना?" घरघर येत होती, पण ती मामांच्याच दम्याची होती. शेताच्या बांधावर बगळा उतरला तरी टाळ्या वाजवत धावायचे, कारण तानसाच्या तलावावर परदेशी पाखरं येतात आणि बगळ्यांची त्यांच्याशी ऊठबस असते. "माणसाचा पासपोर्ट तपासतात, त्या पाखरांचा कोण तपासतो गो?"

दर तीन महिन्यांनी ते शहापूरहून बर्फाच्या थर्मासात लस आणायचे. एकेका कोंबडीच्या डोळ्यात एकेक थेंब. बाटली शंभर कोंबड्यांची, आणि एकदा उघडली की दोन तासांत संपवायची. चौदा थेंब झाले की मामा उरलेली बाटली खड्डा खणून पुरायचे आणि वर चुना टाकायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, पलीकडच्या वाडीवर द्या की. तिथल्या कोंबड्यांना कोण लस देतं?" ते म्हणाले, "नाय गो बाय. वाडीवर काय असंल काय नसंल, माझ्या पायाला लागून हितं यील." मीही पुढे बोलले नाही. बोलायला हवं होतं.

ओढ्यापलीकडच्या त्या वाडीवरून सोमी यायची, मामांचं अंगण सारवायला. वाचता येत नसताना सगळ्या पाट्या पाळणारी गावातली ती एकटी. घमेल्यात पाय बुडवायची, तेही हसल्याशिवाय. दिवाळी झाली की वाडीवरची माणसं ट्रकात बसून भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाला परत येतात. सोमीचा नवरा भट्टीवरच तापाने गेला. मागे ही आणि एक चार वर्षांची मुलगी. त्या मुलीला माझ्याकडे बसवायची म्हणून सोमीने यंदा हिंमत धरली होती. तिच्या अकरा कोंबड्या होत्या. अंडी आणि पिल्लं धसईच्या बाजारात विकून ती भागवणार होती. "बाई, यंदा मी भट्टीवर नाय जायाची," असं ती मला तीन वेळा सांगून गेली. अकरा कोंबड्यांच्या जिवावर एवढं मोठं बोलणं, पण तिने हिशेब मनात पक्का केला होता.

दिवाळीच्या आधी बातमी आली की धसईकडे कोंबड्यांना मर लागली. दुसरा कोणी असता तर घरात बसला असता. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं. मामांना राहवेना. ती दिसते कशी, हे एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं म्हणून ते धसईच्या बाजारात गेले, आजारी कोंबड्या वाकून वाकून पाहिल्या, आणि घाबरून असे परतले की आयुष्यात पहिल्यांदा घमेल्यात पाय बुडवायचे विसरले. त्याच चपलांनी खुराड्यात शिरून कोंबड्यांना पोटाशी धरलं. मी कुडाआडून बघत होते. मला वाटलं, असू दे, म्हातारं माणूस हादरलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर खुराडं रिकामं. मामांनी चौदाही कोंबड्या दोन डालग्यांत भरून वाडीवर सोमीकडे नेऊन ठेवल्या होत्या. "रोग रस्त्यानं येतो. वाडीला रस्ताच नाय. यील कसा?" स्वतःच्या हुशारीवर असे खूश, जणू मानमोडीची एसटीच चुकवली. आणि सोमी? तिला केवढा अभिमान! ज्यांच्या अंगणात गाव पाय धुऊन जातं, त्यांनी आपल्या झोपडीवर विश्वास टाकला. "ठेवा मामा, माझ्या त्या तुमच्याच," म्हणाली, आणि सगळ्या एकत्र कोंडल्या.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? सहाव्या दिवशी सोमी अंगणवाडीच्या दारात आली. आत आली नाही. "बाई, कोंबडा तोंड वासतोय." मामांना घेऊन मी ओढा ओलांडला. सोमीच्या दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या, भिंतीशी मान वाकडी करून पडल्या होत्या, कोंबडा प्रत्येक श्वासाला शिटी वाजल्यासारखा आवाज करत होता, आणि त्यांच्यामधून मामांच्या चौदा कोंबड्या तुरे हलवत ऐटीत दाणे टिपत होत्या. त्यांना काहीही झालं नव्हतं. ते बघून मला जी भीती वाटली ती अजून गेलेली नाही. मामा आपली एकेक कोंबडी उचलून कानाला लावत गेले आणि एकेक खाली ठेवत गेले. चार दिवसांत सोमीच्या अकराही गेल्या. मुलगी रोज सकाळी विचारायची, "आज कोन मेली?"

त्याच आठवड्यात एक डॉक्टरीण बाई आल्या. शहापूर-मुरबाडच्या गावागावांतून हा रोग किती पसरलाय आणि कशामुळे, याची पाहणी करत फिरत होत्या. मी आणि मामा त्यांना वाडीवर घेऊन गेलो. सोमीच्या खाटेवर बसून त्यांनी कागद काढला. मेलेल्या कोंबड्या कुठे टाकता? लस दिली होती का? मग विचारलं, "गेल्या पंधरा दिवसांत बाहेरून कोंबड्या आणल्या होत्या?" सोमीने मामांकडे पाहिलं आणि सांगितलं, "नाय. बाहेरून कोन आणतो?" तिला वाटलं असणार की म्हाताऱ्याला पोलीस नेतील. मामा माझ्या मागे उभे होते. जनगणनेच्या माणसाला खिडकीतून उत्तरं देणारे हे गृहस्थ, मला वाटलं आता पळतात.

"लिवा," मामा म्हणाले. "माझ्या आल्या. चौदा."

डॉक्टरीण बाईंनी शांतपणे समजावलं की लस घेतलेली कोंबडी स्वतः वाचते, पण रोग वागवू शकते. चपला, डालगी, हात यांनीही तो जातो. मामांनी मान डोलावली आणि म्हणाले, "आनि दर टायमाला उरलेली लस मी पुरत होतो. वाडीभर पुरली असती. तेपन लिवा."

"त्याला माझ्या फॉर्मात रकाना नाही हो काका," त्या म्हणाल्या.

दिवाळीनंतर ट्रक आला. वाडीवरच्या माणसांबरोबर सोमीही ओढा ओलांडून रस्त्याला आली. मामा दोन्ही डालगी घेऊन तिथे गेले. "सगळ्या ने गो सोमी. भट्टीवर पाळ." सोमी मागे सरकली. "नको मामा. कोंबडी नको. मला भ्या वाटतं त्यांचं." मामांच्या कोंबड्यांना कोणी भ्यावं, हे त्यांनी कधी मनातही आणलं नसेल. डालगी तशीच हातात धरून ते उभे राहिले. ट्रक सुरू झाला, मुलगी तिच्या मांडीवर होती, तेव्हा सोमी वाकून ओरडली, "अंडी ठेवा, मामा! खुडूक बसली का तिच्याखाली. पावसाला आले का पिल्लं नेन."

आता वैशाख सरत आलाय. बाटली उघडली की मामा पुढे आणि थर्मास घेऊन मी मागे, अशी आमची वरात आसपासच्या वाड्यांवर पळत असते. शेवटचा थेंब संपेपर्यंत दम खात नाहीत, दमा असून. घरात अंडं खायची कोणाची छाती नाही. तीन कोंबड्या खुडूक बसल्या आहेत आणि अंगणात सोमीची पिल्लं फिरतात, तसंच म्हणायचं, सोमीची. मामा रोज दुपारी अंगणवाडीच्या दाराशी येतात.

"पाऊस लवकर लागंल ना गो?"

"लागेल."

"भट्ट्या बंद झाल्या का लगेच सोडतात ना त्यांना?"

"सोडतात हो मामा."

"आनि नाय आली तर?"

येईल, असं मी म्हणते. त्यांच्या सगळ्या भीत्या इतकी वर्षं मी हसण्यावारी नेल्या, ही एक नेता येत नाही. ते गेले आणि मुलं झोपली की मीही दारात येऊन ओढ्याकडे बघत बसते.