दाजींचा ट्रेबल

दाजींच्या पेडलवर पाच बटणं आहेत आणि त्यांतल्या चारांशी माझं काहीही भांडण नाही. त्या चारांना दाजी हातसुद्धा लावत नाहीत. पाचवं बटण ट्रेबलचं. त्या एका बटणाने आठ महिने माझ्या नाकी नऊ आणले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मँडोलिन वाजवतात. मी ध्वनियंत्रणा भाड्याने देतो आणि कार्यक्रमात मिक्सरवर बसतो, त्यामुळे त्यांचं वाजवणं लोकांपर्यंत पोचवायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. मँडोलिन हे मुळात खोलीत चार माणसांनी ऐकायचं वाद्य. दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात ऐकू जायचं तर त्याला आवाज टिपणारा बटणाएवढा पिकअप चिकटवावा लागतो, आणि त्या पिकअपमधून येणारा आवाज लाकडाचा नसतो, पत्र्याचा असतो. तो पुन्हा लाकडाचा वाटावा म्हणून मध्ये प्रीअँपची डबी लागते, पायाशी ठेवायची. तिच्यावरची बटणं फिरवून बेस, म्हणजे जाड आवाज, किती आणि ट्रेबल, म्हणजे बारीक आवाज, किती, ते ठरवायचं. ही डबी, म्हणजेच ते पेडल, मीच त्यांना निवडून दिली. म्हणजे धोंडा मीच उचलला आणि स्वतःच्या पायावर नीट नेम धरून टाकला.

माणूस वाईट आहे का? अजिबात नाही, तीच तर अडचण आहे. एकतीस वर्षं त्यांनी पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात पत्रा कापायच्या यंत्रावर काढली. तिथे इतका खणखणाट असायचा, की कामगार एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलायचे. घरी आल्यावर दाजी हातपाय धुऊन मँडोलिन घेऊन बसायचे. "दिवसभर कानात खिळे ठोकून घेतो, संध्याकाळी एकेक उपटून काढतो," असं म्हणायचे. निवृत्त झाल्यावर कारखान्यातून स्वतः केलेले सात डबे घेऊन आले. एकात तारा, एकात नख्या, एकात बॅटऱ्या, आणि प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. आवाज चढवून कधी बोलणार नाहीत, तालमीला कधी उशिरा येणार नाहीत. अशा माणसावर ओरडायचं कसं? त्यातून बहिणीचा नवरा. उलटून बोलायची सोय नाही. बोललो, तर ताई माझ्या डोक्यावर मिरे वाटेल.

तर ट्रेबल. तालमीला मी ते बटण घड्याळातल्या बारावर लावून द्यायचो. अगदी सरळ वर. त्या जागी मँडोलिन गोड वाजायचं. मी मिक्सरकडे वळलो, की दाजी हळूच वाकायचे आणि बटण दोनवर न्यायचे.

"दाजी, हात लावलात ना?"

"अरे, आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा येतोय. थोडा उघडला."

थोडा! दोनवर आवाज सुरीसारखा यायचा. मग मी मिक्सरवरून त्यांचा ट्रेबल कापायचो. तो कापला, की त्यांना स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून पायाशी ठेवलेल्या स्पीकरमध्ये, मॉनिटरमध्येही कापला जायचा, म्हणजे त्यांना पुन्हा घोंगडी. की ते तीनवर. की मी अजून कापणार. अर्ध्या तासात त्यांचं बटण शेवटाला आणि माझं बटण तळाला, आणि मधल्या मध्ये मँडोलिनची अवस्था अशी, की कुणीतरी रिकामा डबा खिळ्याने वाजवतंय. मी बटणाच्या बाजूला पांढऱ्या रंगाने खूण केली. पालथ्या घड्यावर पाणी. दाजी म्हणाले, "खूण छान केलीस. आता किती पुढे न्यायचं ते बरोबर कळतं."

खापर मात्र जगातल्या प्रत्येक वस्तूवर फुटायचं. आधी तारा जुन्या झाल्या. नव्या घातल्या, तर त्या कंपनीच्याच मंद निघाल्या. मग नखी जाड होती, मग केबल लांब होती, मग सभागृहाचे पडदे आवाज पीत होते. शेवटी त्यांनी माझ्या नकळत दुसरं पेडल आणलं, सात पट्ट्यांचं इक्वलायझर, आणि ते पहिल्याच्या मागे जोडलं. सात पट्ट्यांपैकी उजवीकडच्या, बारीक आवाजाच्या, दोन थेट छताला. मी ते पाहिलं आणि खुर्चीत बसलो. त्या दिवशी पहिल्यांदा मी दंतवैद्यांच्या कानात म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं."

दंतवैद्य आमच्या चौघांच्या गाण्याच्या गटात गिटार वाजवतात. ते म्हणाले, "माझे पेशंट ड्रिलला भीत नाहीत इतका मी या मँडोलिनला भितो. दात शिवशिवतात माझे."

गाणाऱ्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्या चेष्टा करत नाहीत, निकाल लावतात. एका तालमीनंतर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"हे बघा, ग्रंथालयाचा कार्यक्रम पुढच्या रविवारी आहे. त्या दिवशी मँडोलिन असंच किंचाळलं, तर त्यानंतर मँडोलिन नको. तुमचे नातेवाईक आहेत, तुम्हीच सांगायचं."

मी सांगायचं! ताईकडे गेलो, म्हटलं तिला आधी विश्वासात घेऊ. तर तीच माझ्यापेक्षा वैतागलेली. "पेडलचं काय सांगतोस मला! वॉशिंग मशीन पीं पीं करून थकतं, पण हे शेजारच्या खुर्चीतून ढिम्म उठत नाहीत. निवृत्त झाल्यापासून अगदी ऐतोबा झालेत." मी मान डोलावली. आम्ही दोघं भावंडं अर्धा तास त्यांच्या आडमुठेपणावर बोललो आणि दोघांनाही फार बरं वाटलं.

ते जर वाजवायचे थांबले असते, तर त्यांच्याकडे दुसरं काय होतं? काही नव्हतं. पत्ते नाहीत, फिरणं नाही, मित्र म्हणावेत तर आम्हीच तिघं. हे मला कळत होतं, म्हणून मी सांगायचं टाळलं आणि युक्ती काढली.

युक्ती फक्कड होती. मँडोलिनचा आवाज दोन वाटांनी न्यायचा. एक वाट पेडलच्या आधीच फुटून थेट माझ्या मिक्सरला. सभागृहात जाईल तो आवाज तिथून, म्हणजे माझ्या ताब्यात. दुसरी वाट दाजींच्या दोन्ही पेडलांमधून फक्त त्यांच्या मॉनिटरला. त्यांनी बटण कितीही पिळलं तरी ऐकणार एकटे तेच. लहान मुलाच्या हातात खेळण्यातलं स्टीअरिंग द्यावं, तसं. त्यांना काही बोललो नाही. उलट रविवारी दुपारी यंत्रं लावताना मोठ्या मनाने म्हणालो, "दाजी, आज ट्रेबल तुम्हाला हवा तेवढा ठेवा. मी कापणार नाही."

त्यांचा चेहरा असा खुलला, की मला आतून थोडी लाज वाटली. थोडीच.

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरचं सभागृह भरलं होतं. पहिली तीन गाणी झाली आणि मँडोलिन सुंदर वाजत होतं. बाईंनी गाता गाता माझ्याकडे पाहून मान हलवली. दंतवैद्यांनी अंगठा दाखवला. मी मिक्सरमागे पाय पसरून बसलो आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. चौथ्या गाण्यात दाजींचा एकट्याचा तुकडा होता. तो आला तसे ते वाकले, बटण शेवटापर्यंत फिरवलं आणि वाजवायच्या तंद्रीत मँडोलिन घेऊन मॉनिटरच्या अगदी तोंडाशी झुकले.

शिट्टी झाली.

साधी नव्हे. मॉनिटरचा आवाज पिकअपमध्ये शिरला, तिथून पेडलमध्ये, तिथून पुन्हा मॉनिटरमध्ये, आणि एक बारीक, उंच, डोक्यातून आरपार जाणारी किंकाळी सभागृहात सुटली. पुढच्या रांगेने कानांवर हात ठेवले. एक मूल रडायला लागलं. बाई गायच्या थांबल्या. दंतवैद्यांनी गिटार सोडून दोन्ही कान धरले.

आणि दाजी वाजवत होते. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान, अगदी निवांत, अगदी सुरेख. त्या किंकाळीच्या मधोमध.

माझा हात मॉनिटरच्या बटणावर होता आणि तो दोन-तीन सेकंद हललाच नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. एवढा वेळ कुणी शिट्टी सहन करत नाही. वादक तर नाहीच. मग मी मॉनिटर बंद केला. शिट्टी थांबली तेव्हा त्यांनी डोळे उघडले, कानांवर हात ठेवलेली रांग पाहिली आणि माझ्याकडे वळले.

"काय झालं रे?"

"शिट्टी झाली, दाजी."

"कधी?"

"आत्ता."

"आत्ता?" त्यांनी मॉनिटरकडे पाहिलं, रडणाऱ्या मुलाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग मँडोलिन मांडीवर आडवं ठेवलं आणि उरलेला कार्यक्रम तसेच बसून राहिले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ महिने! कानांचाच धंदा करणारा मी, आणि समोरच्या माणसाचे कान गेलेत हे मला कळू नये? बटण कुठे आहे ते दर पाच मिनिटांनी पाहत होतो, ते तिथे का जातं हे एकदाही विचारलं नाही. वर दंतवैद्यांच्या कानात म्हणी सांगत होतो. त्या संध्याकाळी ताईला सांगितलं, तर ती आधी "काहीतरीच" म्हणाली, मग स्वयंपाकघरात गेली, आणि वॉशिंग मशीनजवळ तोंडाला पदर लावून उभी राहिली.

कान तपासणाऱ्या बाईंनी कागदावर रेघ काढून दाखवली. जाड आवाजांकडे सरळ, बारीक आवाजांकडे जिन्यासारखी उतरत गेलेली. "कुठे काम करत होता?" त्यांनी विचारलं. दाजींनी सांगितलं. त्यांनी उतरत्या रेघेशेजारी 'यंत्रांचा खणखणाट' असं लिहिलं. कानात घालायचं यंत्र दिलं. त्याने बोलणं बरंच सुधारलं, पण मँडोलिन हातात घेतलं की ते यंत्र स्वतःच कुंई करायचं आणि सगळे सूर चिरके लागायचे. दाजींनी ते वाजवताना काढून ठेवायला सुरुवात केली, आणि मग तीन आठवडे वाजवलंच नाही.

मी गेलो समजूत घालायला. माझ्यासारखा माणूस समजूत घालायला गेला की जे होतं तेच झालं.

"मला वाटायचं, तू माझा आवाज दाबतोस," ते म्हणाले. "खरं सांगतो, फार राग यायचा तुझा. पण बायकोचा भाऊ. बोलणार कसं?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. "दाजी, मलाही तुमचा फार राग यायचा."

"माहीत आहे. तू मिक्सरमागे ओठ हलवायचास." मग म्हणाले, "आता मला जे ऐकू येतं ते खरं नाही. आणि जे खरं आहे ते मला ऐकू येत नाही. वाजवू कशाच्या जोरावर?"

मी आपलं म्हणालो, "माझ्या. बटण मी लावतो. तुम्हाला घोंगडीतून आल्यासारखं वाटेल, तरी वाजवा. कसं वाजलं ते मी सांगीन."

"खरं सांगशील? दया नको. एकदा जरी उगाच छान म्हणालास, तर त्या दिवसापासून मी मँडोलिनला हात लावणार नाही."

"सांगीन."

गाणाऱ्या बाईंना मी सगळं सांगितलं. पुढच्या तालमीला त्यांनी स्वतः दाजींची खुर्ची मांडून ठेवली. दाजी आले. ट्रेबल मी बाराच्याही जरा मागे लावला. ते ताठ बसून वाजवत होते, चेहऱ्यावर काही नाही, जेवणात मीठ नसताना मुकाट्याने जेवणाऱ्या माणसासारखे. आम्हाला मात्र ऐकू येत होतं. असं मऊ मँडोलिन आठ महिन्यांत वाजलं नव्हतं. दंतवैद्य डोळे पुसायला लागले. दया नको असं दाजींनी बजावलं होतं; मला दंतवैद्यांचाही राग आला.

शेवटच्या तुकड्यात मँडोलिनच्या दांडीवरल्या वरच्या पडद्यावर दाजींचं बोट नीट दाबलं गेलं नाही आणि तार करकरली. अगदी बारीक. कार्यक्रमात शंभरात पाच जणांना कळली असती.

गाणं संपलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या, दंतवैद्यांनीही वाजवल्या. दाजींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"कसं झालं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बाईंनी डोळ्यांनी मला दटावलं. तीन आठवड्यांनी हातात मँडोलिन घेतलेला माणूस, बहिणीचा नवरा, वयाने चौदा वर्षांनी मोठा.

"शेवटचा सूर करकरला, दाजी."

"छे! कसा करकरेल? बोट बरोबर होतं. तुझ्या कानात काहीतरी—"

ते मध्येच थांबले. दंतवैद्य जमिनीकडे बघायला लागले. दाजींनी डाव्या हाताचं ते बोट उचलून नखाशी निरखलं, आणि पुन्हा तारेवर ठेवलं.

"बरं," ते म्हणाले. "परत वाजवतो. साफ येईपर्यंत नाही म्हणत राहा."

मी सहा वेळा नाही म्हणालो. सातव्यांदा हो म्हणालो, आणि ते खरं होतं.