इंद्रभानचा निळा शेला

कामरगावच्या इंद्रभान गवंड्याला स्वस्थ बसलेलं कोणी पाहिलं असेल, तर त्यानं पुढे यावं. गेली दोन वर्षं तर तो उभाही धड राहत नव्हता. बोलता बोलता मान झटकायचा, कॉलरमध्ये बोटं घालायचा, ओळंबा सोडून खांबाला पाठ घासायचा. मानेभोवती लालभडक चट्टे. मेडिकलवाल्या उदयसिंगनं एक ट्यूब दिली होती. लावली की खाज गुमान बसायची आणि सोडली की दुप्पट जोरानं उठायची. मग पुन्हा तीच ट्यूब. कातडी कांद्याच्या पापुद्र्यागत पातळ झाली, तरी ट्यूब खिशातच.

"सिमेंट बाधलं तुमाले," बायको भागिरथा म्हणायची. त्यानं महिनाभर थापीला हात लावला नाही. खाज काही हटली नाही.

शेवटी भागिरथानं त्याला वाशीमला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. डॉक्टर अर्शियांनी आधी मान पाहिली, मग हात.

"सिमेंट हातानं कालवता आणि हात तर साफ आहेत, काका. गळ्यात काय घालता?"

इंद्रभाननं दोन वर्षांमागं घेतलेला गळ्यातला निळा शेला ऐटीत पुढे केला. गावात लग्न असो की मयत, त्रिशरण-पंचशील म्हणायला इंद्रभानच लागतो, आणि शेल्याशिवाय इंद्रभान उंबरा ओलांडत नाही. बाईंनी कापड चिमटीत धरलं.

"पॉलिस्टर आहे. घामानं याचा रंग सुटतो आणि तुमच्या कातडीला तो सोसत नाही. हा बंद करा. मान बरी होईपर्यंत गळ्यात काहीच नको. ती ट्यूबही मी सांगते तशी हळूहळू सोडायची."

इंद्रभान भडकला. "निळ्यानं खाजते म्हन्ता? उद्या म्हनसान, श्वास घेतल्यानं खाजते!"

"मी कापडाचं बोलते, काका. पुढे सुती निळा घ्या, पण आधी मान बरी होऊ द्या."

सांगायला काय जातं! जयंती तोंडावर, त्यात निवडणुकीचे दिवस. मागच्या निवडणुकीत वस्तीतल्याच लखीरामनं निळा उतरवून दुसऱ्या पक्षाचा रंग खांद्यावर घेतला, तेव्हा चारचौघांत त्याची सालटी काढणारा इंद्रभानच होता. आता आपल्याच मोकळ्या खांद्याकडे पाहून लोक म्हणतील, इंद्रभानही विकला गेला. आयुष्यभर जपलेलं नाव एका सकाळीत मातीत जाईल, अशी त्याला भीती.

जयंतीच्या सकाळी त्यानं शेला घातला, काढला, पुन्हा घातला.

"काहून जीव खाता?" भागिरथा वैतागली. "घाला नाहीतर ठेवा, पन उंबऱ्यात नाचू नका."

तो घालून निघाला. कोपऱ्यापर्यंत जातो न जातो तोच घाम फुटला आणि मानेवर निखारे पसरले. तसाच माघारी येऊन त्यानं शेला खाटेवर टाकला, चट्टे दिसू नयेत म्हणून शर्टाचं वरचं बटन लावलं आणि मान खाली घालून विहार गाठलं.

नेहमीसारखा तो सगळ्यांच्या पुढे, लोकांकडे पाठ करून बसला. पंचशील त्यानं भराभर उरकलं. वंदना आटोपली तशी म्हातारी गंगूमावशी लगबगीनं जवळ आली.

"भाऊ, शेला नाही घातला आज?"

"मावशी, मी कोनाकडं गेलो नाही, आईच्यान! त्या डॉक्टरीनबाईनं—"

"जाशीन कायले? मी मानेचं इचारून राह्यली. बरी हाय का आता? दोन वर्सं झाले, तू पुढं पंचशील म्हन्तो अन् मांग बसून आमी तुई मान पाह्यतो. किती खाजोतो रे बाप्पा! पाहून पाहून आमालेच खाज सुटते."

बायका खुदखुदल्या. इंद्रभानचा हात आपोआप मानेकडे गेला. शेल्याखाली दोन वर्षं झाकून ठेवलेली मान अख्ख्या गावाला पाठ होती, आणि शेला कुठे गेला याचा जाब मागायला कोणीच आलं नव्हतं. त्याला लाज वाटली, आणि तितकंच बरंही वाटलं. डोळे भरून आले.

"अन् हे बटन कायले लावलं?" मावशी म्हणाली. "काढ ते. वारा लागू दे."

त्यानं सगळ्यांदेखत बटन काढलं.